माश्यांची नोंदवही

संग्रहालय, कीटक विभाग
ता. ४ फेब्रुवारी

ती. सौ. काकूंस सा. न.

आपण उभयता खुशाल असाल अशी आशा करतो. काका निवृत्त झाले आणि मी संग्रहपालाच्या खुर्चीत बसलो, त्याला अकरा महिने झाले. कामाचा व्याप असा काही वाढला आहे की दोन गल्ल्या ओलांडून घरी यायला सवड होत नाही. म्हणून हे पत्र आपल्या जुन्या शिपायाबरोबर पाठवत आहे.

कारण थोडक्यात असं. काकांनी चौतीस वर्षांत जमवलेल्या माश्या आमच्याकडे जशाच्या तशा आहेत. अकरा हजार टाचण्या, प्रत्येकीवर एक माशी, आणि माशीखाली नखाएवढ्या कागदावर नुसता एक आकडा. ती माशी कुठे सापडली, केव्हा, कशावर बसली होती, हे सगळं काकांच्या नोंदवहीत. ती नोंदवही जागेवर नाही. पुढच्या महिन्यात एका मोठ्या संग्रहालयाचे तज्ज्ञ पाहणीला येणार आहेत. निरोपाच्या गडबडीत नोंदवही चुकून काकांबरोबर घरी आली असावी. ती शिपायाबरोबर पाठवावी.

बाकी विभाग उत्तम चालला आहे. अध्यक्षांनी भेट दिलेलं ते मोठं हिरवं-सोनेरी फुलपाखरू पाहायला रविवारी प्रवेशदालनात उभं राहायला जागा नसते.

आपला आज्ञाधारक पुतण्या

•

घर
ता. ६ फेब्रुवारी

चि. संग्रहपाल साहेबांस अ. आ.

पत्र मिळालं. ‘आपण उभयता’ वाचून मी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी पाहुणे आले आहेत की काय. शाळेसाठी सहा वर्षं आमच्या घरी होतास तेव्हा मला ‘ए काकू’ म्हणायचास. खुर्चीची गादी बरीच जाड असणार.

दोन गल्ल्या ओलांडायला अकरा महिने पुरत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. तुझे काका चतुर पकडायला सात मैल चालत जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पण त्यांना कामाचा व्याप नव्हता, नुसतं कामच होतं.

चुकून काही घरी आलं असेल, ही शंका मनातून काढून टाक. निरोपाच्या दिवशी दारावर त्यांची पिशवी तपासली गेली. एक चिमटा, एक भिंग आणि रिकामा डबा निघाला. भिंग संग्रहालयाचं असेल म्हणून काढून घेतलं. ते त्यांच्या वडिलांचं होतं. बदल्यात त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते पुढे पळतं.

फुलपाखराबद्दल ऐकून आनंद झाला. तुझे काका म्हणायचे, त्याचे पुढचे पंख एकाचे, मागचे दुसऱ्याचे आणि मधे डिंक. पण भेट अध्यक्षांची. मंडळाने कोणा जाणकाराचा अहवाल मागवला, त्याने ‘अस्सल’ असं लिहून दिलं, आणि मग डिंक राहिला, काका गेले. कोण तो जाणकार, बाई, मला काय कळतंय त्यातलं.

काकांची काळजी करू नकोस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घरात नोंदवहीशिवाय दुसरा विषय नाही. आज क्रमांक आठशे एकोणीस पुन्हा वाचून झाला. ही माशी माझ्या कपाळावरची. लग्नाच्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं की मी लाजून मान खाली घातली. ते म्हणाले, “हलू नका.” पुढची चौतीस वर्षं मी समजत होते की ते माझ्याकडे पाहत होते.

तुझी काकू

•

संग्रहालय
जा. क्र. ४७, ता. ९ फेब्रुवारी

सौ. काकूंस,

आपल्या ता. ६ च्या पत्रावरून संग्रहालयाची नोंदवही आपल्या घरी असून तिचा रोज वापर चालू आहे, हे स्पष्ट होतं. सदर नोंदवही ही संग्रहालयाची मालमत्ता आहे. ती या पत्रापासून आठ दिवसांत सुस्थितीत परत करावी, अन्यथा मंडळाला पुढील विचार करावा लागेल.

संग्रहपाल

ता. क. काकू, हे अध्यक्षांनी सांगून लिहवून घेतलं आहे. मनावर घेऊ नका. पण वही मात्र पाठवा.

•

घर
ता. १० फेब्रुवारी

चि. जा. क्र. ४७ यास अ. आ.

तुझी नोटीस मी काकांना वाचून दाखवली नाही. त्यांना हसू आलं की खोकला येतो.

आता नीट वाच. खुर्चीत बसल्याच्या तिसऱ्या दिवशी तू हुकूम सोडलास की काकांच्या खोलीतले जुने कागद हलवा, तिथे झुरळं होतात. कीटक विभागात झुरळं होतात अशी तक्रार करणारा जगातला पहिला संग्रहपाल तूच असशील. शिपायाने विचारलं होतं, “कपाटातली हिरव्या पाठीची चार बाडं पण?” तू वर न पाहता म्हणालास, “सगळं.” सगळं हातगाडीवर गेलं. शिपायाने मला सांगेपर्यंत आठवडा उलटला होता. मी रद्दीवाल्याच्या दुकानात गेले. तो भला माणूस, त्याने सगळा ढीग उपसला. एक फाटकं पान मिळालं. त्यावर पाच डास होते.

तेव्हा तुझी नोंदवही हवी असेल तर गावातल्या वाण्याच्या पुड्या गोळा कर.

मग आमच्या घरी चालू आहे ती कोणती, असं विचारशील. मागच्या जूनपासून तुझ्या काकांना दिसत नाही. उजेड कुठे आहे तेवढं कळतं. चौतीस वर्षं भिंगाला डोळा लावून बसले त्याचं हे फळ असं डॉक्टर म्हणतात. त्यानंतर मी बाडं गेल्याचं त्यांना सांगितलं, कोणामुळे ते नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “वही घे. क्रमांक एक.” तेव्हापासून ते आठवून सांगतात आणि मी लिहिते. पहिल्या दोन हजार माश्या त्यांना ओळीने पाठ आहेत. पुढच्या खणांत त्यांनी जागा बदलल्या होत्या. तिथे कोणीतरी समोर खण धरून आकडा वाचायला हवा, माशी कशी दिसते ते सांगायला हवं. खण तुमच्याकडे आहेत, आणि इथे असते तरी मला ते जमलं नसतं. मी माशी आणि डास यांतला फरक करते तो चावल्यावर.

हे त्यांनी तुझ्यासाठी चालवलेलं नाही, तेव्हा आभाराचं पत्र पाठवू नकोस. त्याला जावक क्रमांक द्यावा लागेल.

तुझी काकू

•

संग्रहालय
ता. १७ फेब्रुवारी

ती. काकूस,

सात दिवस लिहिता आलं नाही. शिपायाला विचारलं. तो म्हणाला ते खरं आहे. मी ‘सगळं’ म्हणालो होतो. मला आठवतसुद्धा नाही.

काकांच्या डोळ्यांचं मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, हे तू लिहिण्याआधी मीच लिहितो.

घरी यावंसं फार वाटतं. पण अध्यक्षांनी सक्त ताकीद दिली आहे की विभागातल्या कोणीही काकांशी संबंध ठेवायचा नाही. आणि खरं सांगू, काका मला दारात तरी उभं करतील का? त्यांचा माझ्यावर राग असणारच. तू लिहिलेल्या वह्या शिपायाबरोबर पाठवल्यास तर निदान पहिले वीस खण तज्ज्ञांना दाखवता येतील.

इकडे वेगळाच घोळ झाला आहे. तज्ज्ञांनी पत्रात लिहिलं की आपण ‘माश्यांचे’ अभ्यासक आहोत. मंडळात ते ‘माशांचे’ असं वाचलं गेलं. तळघरातल्या माशांच्या बरण्या घासूनपुसून दालनात मांडल्या आहेत. दारावर स्वागताची पाटी रंगवली आहे, तिच्यावर दोन्ही बाजूंना एकेक मासा. मी अध्यक्षांना चूक दाखवायला गेलो. ते म्हणाले, माश्या पाहायला कोणी एवढा प्रवास करून येईल का?

तुझा पुतण्या

•

घर
ता. १९ फेब्रुवारी

चि. बाळास अ. आ.

तीन वह्या पाठवते आहे. अक्षर माझं आहे, तेव्हा वाचता येईल. माशांच्या पाटीचं काकांना सांगितलं. पुष्कळ खोकले.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे. काकांचा तुझ्यावर राग नाही. असायला काही कारण त्यांना ठाऊकच नाही. ‘अस्सल’ लिहून देणारा जाणकार तू होतास, हे शिपायाने मला त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं. सभेत अहवालाखालचं नाव वाचलं नव्हतं. मी गप्प राहिले. काका समजतात की तू मंडळापुढे त्यांची बाजू घेऊन भांडलास आणि हरलास. रोज चहा झाला की विचारतात, “आला का तो?” मी म्हणते, कामात आहे. ते म्हणतात, “असणारच. त्याचा डोळा चांगला आहे.”

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. नोकरी गेली, डोळे गेले, वह्या गेल्या. एवढ्यावर आणखी एक गोष्ट गेली असं सांगायला माझी जीभ वळली नाही.

दोन गल्ल्या आहेत. अध्यक्षांची ताकीद त्यात कुठे आडवी पडली आहे ते शिपायाला दिसलं नाही. त्याला विचारून पाहिलं.

तुझी काकू

•

संग्रहालय
ता. १२ मार्च

ती. काकूस,

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसलो. त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

आज बातमी चांगली आहे. तज्ज्ञ आले, दोन दिवस राहिले आणि गेले. बुटके, मितभाषी गृहस्थ. माशांच्या बरण्यांपुढून अध्यक्षांनी त्यांना सावकाश फिरवलं. त्यांनी प्रत्येक बरणीला मान डोलावली आणि शेवटी विचारलं, “माश्या कुठे आहेत?” मग मी त्यांना वर नेलं. काकांचे खण पाहून ते खुर्ची ओढून बसले ते दुपारी उठलेच नाहीत. तुझ्या वह्यांची पानं सारखी उलटत होते. एकविसाव्या खणापासून वही नाही म्हटल्यावर त्यांनी तो खण हळूच बंद केला.

पण जाताना प्रवेशदालनात त्या फुलपाखरासमोर बराच वेळ थांबले. खिशातून भिंग काढलं, काचेला नाक लावलं, आणि म्हणाले, “अप्रतिम काम आहे. असं काम मी आजवर पाहिलं नाही.” अध्यक्षांचा चेहरा फुलला. संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत माझं अभिनंदन झालं. काकू, कदाचित काकांचीच पारख चुकली असेल. मोठ्या माणसांचंही चुकतं.

तुझा पुतण्या

•

घर
ता. १३ मार्च

चि. बाळास,

फुलपाखराला कोणी ‘काम’ म्हणत नाही.

तुझी काकू

•

संग्रहालय
ता. २ एप्रिल

ती. काकूस,

तुझं एका ओळीचं पत्र वाचून त्या दिवशी मी जेवलो नाही. ती गोष्ट मला तज्ज्ञांच्या तोंडून ‘काम’ हा शब्द ऐकतानाच कळायला हवी होती. कदाचित कळलीही असेल.

परवा त्यांचा अहवाल आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, माश्यांचा हा संग्रह दुसरीकडे कुठे नाही असा आहे, पण नोंदवहीवाचून तो टाचण्यांचा ढीग आहे. ज्या गृहस्थांना तो पाठ आहे त्यांच्याकडून तो लवकरात लवकर उतरवून घ्यावा. दोन, प्रवेशदालनातली वस्तू दोन वेगवेगळ्या फुलपाखरांची असून कारागिराचं कौशल्य वाखाणण्यासारखं आहे.

मंडळाने मला बोलावलं. अध्यक्ष म्हणाले की हा माणूस परका, त्याला काय कळतं, तुम्ही पूर्वी दिलेलं मत पुन्हा एकदा लिहून द्या. कागद पुढे सरकवला, पेन उघडून दिलं. मी लिहिलं, “पूर्वीचं मत देतानाच हे फुलपाखरू चिकटवलेलं आहे हे मला माहीत होतं. पेटी उघडली तेव्हा डिंकाचा वास आला होता.” खाली सही केली. कागद अध्यक्षांपुढे परत सरकवला आणि पेनाला टोपण घातलं.

मला काढून टाकायचं ठरलं होतं. पण डांबरगोळ्यांच्या वासात बसायला दुसरं कोणी तयार होईना. म्हणून आता मी ‘हंगामी’ संग्रहपाल आहे. फुलपाखरू अध्यक्षांनी आपल्या दिवाणखान्यात नेलं, तिथे ते अजून अस्सल आहे. आणि तज्ज्ञांच्या पत्राचा धाक असल्यामुळे एका वेळी दोन खण काकांकडे न्यायची परवानगी मिळाली आहे.

काकू, मी आता येतो. फक्त एक सांग. काकांना माझं सगळं सांगू की नको?

तुझा हंगामी पुतण्या

•

घर
ता. ३ एप्रिल

चि. बाळास अ. आ.

ये. खण सपाट धर, तिरपे धरलेस की टाचण्या सुटतात. हे मला काकांकडून ऐकून ऐकून पाठ झालं, तुला तर येतंच असेल.

मी घरी नसेन. माझी बहीण पायरीवरून घसरून पाय मोडून बसली आहे, पंधरा दिवस तिच्याकडे जाते आहे. तिचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. काकांना वाटेल मी तुम्हा दोघांना मोकळं सोडायला गेले. त्यांना तसं वाटू दे, बहिणीला मात्र वाटू देऊ नकोस.

ते सकाळी लवकर उठतात. चहात साखर एकच चमचा घालायची, ते दोन म्हणतील. खिडकीकडे तोंड करून बसव, उजेड तोंडावर आलेला त्यांना आवडतो.

सांगू की नको, हे मला विचारू नकोस. गेल्या वेळी कागदावर काय लिहायचं ते तू मला न विचारता ठरवलंस, या वेळचंही ठरवलंस. यातली एक गोष्ट तुला बरी जमली.

तुझी काकू

•

काकांचं घर
ता. १४ एप्रिल

ए काकू,

दहा दिवस रोज येतो आहे. आठव्या वहीत आहोत.

पहिल्या दिवशी दारात पाऊल ठेवलं तर काका म्हणाले, “डांबरगोळ्या आल्या.” मग हात पुढे केला, माझा खांदा चाचपला आणि म्हणाले, “जाड झालास. बस. काय आणलंस?” तेरा महिन्यांबद्दल एक शब्द नाही. मी वाचत गेलो. मी म्हणायचो, दोन हजार एकशे चार, करडी, पोटावर दोन पट्टे, डावा पंख फाटलेला. ते खिडकीकडे तोंड करून जरा थांबायचे आणि म्हणायचे, “चामड्याच्या कारखान्यामागचं गटार, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. पंख फाटलेला नाही, मी फाडला. शिंक आली.” मी ते लिहायचो. शिंकसुद्धा.

ते इतके खुशीत होते की मला रोज उद्यावर ढकलावंसं वाटायचं. काल मात्र मधेच म्हणाले, “मंडळाशी तू माझ्यासाठी भांडलास ना, असं तुझी काकू म्हणत होती.” मी हातातला खण खाली ठेवला आणि म्हणालो, “काका, फुलपाखराचा तो अहवाल मी लिहिला होता.”

ते म्हणाले, “पुढचा आकडा वाच.”

मी म्हणालो की आधी हे ऐका. मी सगळं सांगितलं. डिंकाचा वास, अध्यक्षांनी दाखवलेली खुर्ची, ‘सगळं’ म्हणून हलवलेली बाडं. ते ऐकत होते. मग म्हणाले, “मला माहीत आहे. अहवाल सभेत मोठ्याने वाचला होता. त्यात ‘काठशीर’ असा शब्द होता. पंखाच्या कडेच्या शिरेला तो शब्द मी तयार केला. तो जगात दोन माणसांना येतो. त्यातला एक मी.”

ते पुढे म्हणाले, “आणि काठशिरेपासून मोजताना मागच्या पंखाची एक शीर तू विसरलास. खोटं लिहायचं तर लिही. पण मोजून लिही.”

मी विचारलं, राग आला असेल. ते म्हणाले, “आला. दोन दिवस जेवण गेलं नाही. घरात सांगितलं की दाढ दुखते.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे तुझ्या काकूला कळू देऊ नकोस. अहवाल तुझा होता हे तिला माहीत नाही. वर्षभर सांभाळलंय मी. म्हणून तर तिच्यासमोर तुझं कौतुक करत असतो. तिला कळलं तर ती तुला उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि मग मला आकडे कोण वाचून दाखवणार?”

मी कबूल केलं. आणि आज हे लिहून ते मोडतो आहे. तू त्यांच्यापासून लपवत होतीस, ते तुझ्यापासून लपवत होते, आणि दोघं मिळून माझीच लाज झाकत होतात. एकट्याने हे पोटात ठेवायला मला जमेना. काय करू ते कळव.

तुझा बाळ

•

बहिणीच्या घरून
ता. १७ एप्रिल

चि. बाळास अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. बहिणीने विचारलं, डोळ्यांत काय गेलं? मी म्हटलं, माशी.

त्या दोन दिवसांत मी तुझ्या काकांना सकाळ-संध्याकाळ मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या होत्या. दाढ न दुखणारा माणूस चार वेळा निमूटपणे गुळण्या करून आला, आणि “आता बरं वाटतंय” म्हणाला. मी कालच बहिणीला सांगत होते की त्यांना एक साधं खोटं धड बोलता येत नाही.

तू काही करू नकोस. मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस. मला आधीपासून माहीत होतं हे तर मुळीच सांगू नकोस, त्यांचा वर्षभराचा खटाटोप वाया जाईल. मी परत आले की ते माझ्यासमोर तुझं कौतुक करतील, मी ऐकून घेईन, आणि तू खाली मान घालून पुढचा आकडा वाच.

बहीण आता काठी टेकून चालते, माझी तिला गरज नाही. तरी मी आणखी आठ दिवस इथेच राहते. आमचं घर दोन खोल्यांचं. अकरा हजार माश्या आणि तीन माणसांची गुपितं एकदम आत मावायची नाहीत. माश्या तेवढ्या आधी आवरून घ्या.

तुझी काकू